नरक्या, कॅम्प्टोथेसिन आणि कॅन्सर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात औषधनिर्माणशास्त्र शिकवते. ओळखीपाळखीत कुणाच्या घरी कॅन्सरचं निदान झालं की फोन येतो, आणि दोन-चार वाक्यांनंतर गाडी झाडपाल्यावर वळते. अलीकडे त्यात नरक्याचं नाव फार ऐकू येतं. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तुमच्या रुग्णाच्या उपचाराचा निर्णय मात्र त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. मी रुग्णाला तपासलेलं नाही.

नरक्या म्हणजे नेमकं कोणतं झाड?

सह्याद्रीतलं लहानसं झाड. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जुन्या पुस्तकांत मॅपिया फेटिडा सापडेल. महाबळेश्वर, कोयना, आंबोली या पट्ट्यातल्या सदाहरित जंगलात ते दिसतं. पानं फांदीच्या टोकाला गर्दी करून येतात, फुलं पांढुरकी. ओळख पटवायची तर पान चुरगाळून नाकाशी न्या, पुन्हा विसरणार नाही. काही भागांत याच झाडाला अमृता म्हणतात, आणि गुळवेलीचंही एक नाव अमृता आहे. दुकानात नुसतं 'अमृता' मागितलं तर हातात काय पडेल याचा नेम नाही.

त्यात कॅन्सरचं औषध आहे, हे खरं की व्हॉट्सॲपवरचं?

खरं आहे. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. 1972 साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते या झाडात असल्याचं दाखवलं. ज्या चिनी झाडात ते आधी सापडलं होतं, त्यापेक्षा आपल्या झाडात त्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. वाळलेल्या लाकडात साधारण 0.1 टक्का, म्हणजे किलोमागे एखादा ग्रॅम. त्यामुळेच जगभरच्या औषध कंपन्यांची नजर सह्याद्रीकडे वळली.

मात्र कॅम्प्टोथेसिन हे आज कुठल्याही रुग्णाला दिलं जाणारं औषध नाही. दिली जातात ती त्याच्यात रासायनिक बदल करून बनवलेली इरिनोटेकान आणि टोपोटेकान. व्हॉट्सॲपवरच्या निरोपात नेमकं हेच वाक्य गळालेलं असतं.

हे द्रव्य पेशीत जाऊन करतं काय?

पेशी दुभंगण्याआधी तिला आपल्या डीएनएची नक्कल काढावी लागते. डीएनए हे दोन धाग्यांचं पीळदार वेटोळं. सुतळीचे दोन पदर एका टोकाकडून उलगडत गेलात तर पुढचा पीळ आणखी घट्ट होतो, तसंच इथे होतं. हा ताण घालवायला पेशीत टोपोआयसोमरेझ-1 नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते एक धागा कापतं, पीळ सैल करतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन कापणं आणि जोडणं यांच्या मधल्या क्षणी तिथे अडकून बसतं, त्यामुळे धागा तुटलेलाच राहतो. नक्कल काढणारी यंत्रणा त्या तुटक्या जागी येऊन आदळली की डीएनएचे दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते.

हे लक्ष्य 1985 साली कळलं. तोवर कॅन्सरविरुद्ध असं काम करणारं द्रव्य कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून बासनात गेलेल्या कॅम्प्टोथेसिनकडे सगळे पुन्हा वळले.

जी पेशी भराभर नक्कल काढते ती जास्त मरते. यात कॅन्सरच्या पेशी आल्या, तशाच अस्थिमज्जेतल्या, आतड्याच्या अस्तरातल्या आणि केसांच्या मुळातल्याही आल्या. बहुतेक दुष्परिणामांचं मूळ इथे आहे.

जाता जाता, हे विष स्वतःत साठवणारं झाड स्वतः का मरत नाही? कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या काही वनस्पतींमध्ये त्या विकरातला एक घटक बदललेला असतो, त्यामुळे त्यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही. आपल्यात तो बदल नाही.

कॅम्प्टोथेसिनचा शोध लावणारे मनसुख वाणी आपल्याकडचेच का?

हो. मनसुख वाणी यांचा जन्म 1925 सालचा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकून ते पुढे अमेरिकेत गेले. तिथे मनरो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ स्टेरॉइडं मिळतील अशी झाडं शोधत होते. त्यांच्याकडचे सुमारे हजार अर्क कॅन्सरविरोधी चाचणीसाठी गेले आणि त्यांतला एका चिनी झाडाचा, कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटाचा, अर्क उंदरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर चांगला चालला. वॉल आणि वाणी यांनी 1966 मध्ये त्यातल्या द्रव्याची रचना जाहीर केली. याच जोडीने 1971 मध्ये टॅक्सॉल या दुसऱ्या कॅन्सरविरोधी द्रव्याची रचनाही मांडली. म्हणजे आज किमोच्या वॉर्डात रोज लागणाऱ्या औषधांच्या दोन मोठ्या घराण्यांमागे नंदुरबारचा हा माणूस आहे. वाणी 2020 मध्ये गेले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांच्यावर एक धडा असायला हरकत नव्हती.

1966 मध्ये सापडलेलं औषध 1996 मध्ये बाजारात? मधली तीस वर्षं काय झालं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो, आणि तो विचारणारे फार थोडे.

शुद्ध कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शिरेतून देणार कसं? म्हणून संशोधकांनी त्याचा विरघळणारा सोडियम क्षार बनवला आणि 1970 च्या सुमारास रुग्णांवर चाचण्या सुरू केल्या. कॅन्सरवर परिणाम जेमतेम, आणि रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू लागल्या. काही रुग्णांच्या मूत्राशयाला सूज येऊन लघवीतून रक्त जाऊ लागलं. चाचण्या थांबवाव्या लागल्या.

कारण पुढे कळलं. या रेणूच्या एका टोकाला लॅक्टोन नावाचं कडं असतं. ते बंद असेल तरच रेणू काम करतो. क्षार बनवताना नेमकं तेच उघडलं गेलं होतं. रक्त किंचित अल्कधर्मी असतं, तिथेही ते उघडतं, आणि उघडलेला रेणू रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतो. गाठीपर्यंत पोचतं ते निकामी रूप. मूत्राशयात लघवी आम्लधर्मी असते, तिथे मात्र कडं पुन्हा बंद होतं आणि रेणू जागा होतो. जिथे हवा तिथे झोपलेला, जिथे नको तिथे जागा.

यातून वाट काढायला रसायनशास्त्रज्ञांना कितीतरी वर्षं लागली. मूळ सांगाडा तसाच ठेवून त्याला पाण्यात विरघळतील असे गट जोडले गेले. इरिनोटेकान जपानच्या याकुल्ट कंपनीने तयार केलं. होय, छोट्या बाटलीतलं आंबटगोड पेय विकणारी तीच. जपानमध्ये त्याला 1994 मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत इरिनोटेकान आणि टोपोटेकान या दोघांनाही 1996 मध्ये.

मग आम्ही नरक्याची साल किंवा पूड थेट घेतली तर?

घेऊ नका.

कारण वर आलंच आहे. झाडात जे आहे ते बिनदुरुस्तीचं कॅम्प्टोथेसिन, म्हणजे ज्याच्या चाचण्या बंद पडल्या त्याच कुळातलं. शिवाय त्याचं प्रमाण झाडागणिक बदलतं. एका झाडात जेवढं, त्याच्या कितीतरी पट दुसऱ्या जंगलातल्या झाडात. खोडात वेगळं, मुळात वेगळं. काढा केला तर पाण्यात किती उतरेल सांगता येत नाही, कारण ते पाण्यात विरघळत नाही. पूड खाल्ली तर पोटात किती शोषलं जाईल तेही सांगता येत नाही. किमोचा डोस रुग्णाची उंची आणि वजन घेऊन, मिलिग्रॅमच्या हिशेबात, आदल्या दिवशीचा रक्ततपासणीचा अहवाल पाहून ठरतो. त्याच्या शेजारी 'पाव चमचा' ठेवून पाहा.

हे 'पाव चमचा' मी मनाने लिहिलेलं नाही. एका कुटुंबाने मला पुडी आणून दाखवली होती. पिन मारलेली प्लास्टिकची पिशवी, आत तपकिरी भुकटी, वर पेनने 'नरक्या, सकाळ-संध्याकाळ पाव चमचा कोमट पाण्यातून' असं लिहिलेलं. कोणी बनवली, कधी बनवली, झाडाचा कोणता भाग, काहीही नाही. भुकटी झाल्यावर ते नरक्याच आहे हेसुद्धा डोळ्यांनी ओळखता येत नाही. काष्ठौषधीच्या चांगल्या दुकानातला जुना माणूसही भुकटीवरून छातीठोकपणे सांगणार नाही.

डॉक्टरांनी हात टेकलेत. आता नरक्या देऊन पाहिला तर काय बिघडलं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला उपदेश करणं सोपं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

बिघडतं ते असं. थकलेल्या शरीराला जुलाब लागले, उलट्या झाल्या, पांढऱ्या पेशी घसरून ताप आला, तर घरी माणसांत घालवायचे दिवस इस्पितळात जातात. 'काहीतरी करतोय' हे समाधान घरच्यांना मिळतं, किंमत रुग्ण मोजतो.

त्या टप्प्यावर खरोखर उपयोगी पडणारं वनस्पतीजन्य द्रव्य आपल्याकडे आहे: मॉर्फिन. अफूच्या बोंडातून येतं, योग्य मात्रेत दिलं की कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर उत्तम चालतं, गोळीच्या रूपात मिळतं आणि महागही नाही. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती करून रुग्णांपर्यंत ते पोचवण्यातले अडथळे कमी केले गेले. तरीही 'सवय लागेल' या भीतीने घरचे ते नाकारतात आणि माणूस रात्रभर कण्हत राहतो. डॉक्टरांना 'आता काय औषध?' याऐवजी 'पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा) कुठे मिळेल?' असं विचारा. पुण्यात घरी येऊन अशी शुश्रूषा करणारे गट आहेत. कॅन्सर विभागातल्या समाजसेवकाकडे चौकशी करा.

ही औषधं कोणत्या कॅन्सरमध्ये वापरतात?

इरिनोटेकान मुख्यतः मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये, बहुतेकदा फ्लुरोयुरासिल आणि फोलिनिक ॲसिडबरोबर. फाईलवर 'फॉलफिरी' लिहिलेलं असतं ते हेच. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्येही ते इतर औषधांबरोबर देतात. टोपोटेकान बीजांडकोशाच्या, गर्भाशयमुखाच्या आणि फुप्फुसाच्या लघुपेशी प्रकारच्या कॅन्सरमध्ये. पसरलेला आजार ही औषधं आटोक्यात ठेवतात, आयुष्य वाढवतात. पूर्ण बरा सहसा करत नाहीत. 'किती फायदा होईल?' हे रुग्णासमोर विचारायचं धाडस होत नसेल तर एकट्याने जाऊन विचारा, पण विचारा.

आईला फॉलफिरी सुरू होणार आहे. काय तयारी ठेवू?

साधारण दर दोन आठवड्यांनी एक फेरी असते. डे-केअरमध्ये इरिनोटेकान शिरेतून देतात. फ्लुरोयुरासिलचा पंप साधारण 46 तास चालतो, त्यामुळे पुष्कळ रुग्ण तो कमरेला लावून घरी जातात. तो झाकेल असा सैल कुर्ता किंवा गाऊन आधीच काढून ठेवा. येताना रिक्षा किंवा कॅब करा, पंप लावून बसच्या गर्दीत नको.

इरिनोटेकान चालू असताना किंवा लगेच नंतर घाम फुटणं, तोंडाला पाणी सुटणं, पोटात कळ येणं, जुलाब होणं हे होऊ शकतं. नर्सला तेव्हाच सांगा. ॲट्रोपिनचं इंजेक्शन दिलं की बहुधा आराम पडतो. गंमत म्हणजे ॲट्रोपिनसुद्धा वनस्पतीतून आलेलं द्रव्य आहे.

जपायचं ते एका दिवसानंतर सुरू होणाऱ्या जुलाबांना. हे जुलाब वेगळ्या कारणाने होतात. इरिनोटेकानचं शरीरात एसएन-38 हे कैक पटींनी जहाल रूप बनतं. यकृत त्याला निष्प्रभ करून पित्तातून आतड्यात सोडतं, आणि आतड्यातले जिवाणू त्याला पुन्हा सक्रिय करतात. इथे आजीचे उपाय, साबुदाण्याची पेज, जायफळ वगैरेंवर वेळ घालवायचा नाही. डॉक्टर लोपरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध लिहून देतात आणि ते कसं घ्यायचं ते सांगतात. ते प्रमाण पाकिटावर छापलेल्यापेक्षा जास्त असू शकतं, दचकू नका, पण स्वतःच्या मनाने वाढवूही नका. गोळ्यांची स्ट्रिप आणि ओआरएसची पाकिटं पहिल्या फेरीआधी घरात हवीत. रात्री दोन वाजता केमिस्ट शोधत लक्ष्मी रोडवर फिरायची वेळ येऊ नये.

ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका. पॅरासिटामॉल देऊन ताप दाबूही नका. थेट इस्पितळ. केस जाऊ शकतात, पण ते परत येतात.

बाबांचे डोळे उपवासाच्या दिवशी पिवळट दिसतात. हे डॉक्टरांना सांगायला हवं का?

नक्की सांगा. गिल्बर्ट सिंड्रोम नावाची एक निरुपद्रवी जनुकीय ठेवण असते. तिच्यात बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, किंचित वाढलेलं असतं आणि उपाशी राहिलं की ते आणखी वाढतं. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण बिलिरुबिन आणि एसएन-38 या दोघांची विल्हेवाट यूजीटी1ए1 हे एकच विकर लावतं. ते मंद असेल तर नेहमीचा डोसही जड जातो. रक्ताच्या चाचणीतून हे कळतं आणि सुरुवातीचा डोस कमी करता येतो. ज्यांच्या घरात 'आमच्याकडे सगळ्यांचंच बिलिरुबिन जरा जास्त असतं' असं म्हणतात, त्यांनी इरिनोटेकान सुरू होण्याआधीच विषय काढावा.

किमो चालू असताना काढे, हळदीच्या कॅप्सूल, गुळवेल चालेल?

भाजीतली हळद चालेल. कॅप्सूल, अर्क, काढे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. पाश्चात्त्य देशांत उदासीपणावर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे इरिनोटेकान घेणाऱ्यांच्या रक्तातलं एसएन-38 सुमारे 42 टक्क्यांनी घटल्याचं 2002 च्या एका लहान अभ्यासात दिसलं. म्हणजे किमोचा त्रास सोसायचा आणि औषध मात्र निम्म्याच्या आसपास. कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य द्रव्याच्या, पुष्कळ कॅप्सूलमध्ये ते नीट शोषलं जावं म्हणून मिऱ्यातलं पायपरिन घालतात, आणि पायपरिन इतर औषधांच्या विल्हेवाटीतही ढवळाढवळ करू शकतं.

हळदीवर संशोधन भरपूर झालंय. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावरचं अमेरिकी पेटंट 1997 मध्ये सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) रद्द करवून घेतलं, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे प्रमुख होते. पण पेटंटची लढाई जिंकली म्हणून हळद कॅन्सरचं औषध ठरत नाही. कर्क्युमिन तोंडाने घेतल्यावर रक्तात फार थोडं पोचतं, आणि कॅन्सरवरचं औषध म्हणून त्याला मान्यता नाही.

डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. पुडी, बाटली, जे असेल ते पिशवीत घालून ओपीडीत घेऊन जा.

आणि सदाफुली? ती तर अंगणातच आहे.

व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन सदाफुलीतूनच येतात. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टिनशिवाय पान हलत नाही. पण पानांत ही द्रव्यं इतकी अल्प असतात की औषधासाठी ढिगांनी पानं लागतात, आणि त्यांच्याबरोबर इतर अनेक अल्कलॉइडं असतात. पानं चावून रक्तदाब घसरेल, कॅन्सर हलणार नाही.

या संशोधनात पुढे काय?

बरंच काही, आणि ते जंगलाबाहेर. कॅम्प्टोथेसिनच्या कुळातला अत्यंत जहाल रेणू प्रतिपिंडाला (अँटीबॉडीला) जोडून थेट कॅन्सरच्या पेशीपर्यंत न्यायचा, ही आजची दिशा. ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकानमध्ये प्रत्येक प्रतिपिंडावर असे सुमारे आठ रेणू बसवलेले असतात. 2019 मध्ये त्याला अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली. 2020 मध्ये आलेल्या सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकानवर तर एसएन-38 च बसवलेला आहे. 1970 च्या दशकात ज्याच्या चाचण्या गुंडाळल्या, त्याच सांगाड्यावर आज सगळ्यात जास्त चर्चेतली औषधं उभी आहेत. दुष्परिणाम त्यांनाही आहेत. डेरक्सटेकान घेताना नवा खोकला किंवा धाप लागली तर फुप्फुसाची सूज असू शकते, लगेच कळवायचं.

खर्चाचं काय?

प्रतिपिंडाची औषधं सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरची आहेत, यात गोड बोलण्यासारखं काही नाही. इरिनोटेकानचं तसं नाही. ते जेनेरिकमध्ये मिळतं आणि 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे, त्यामुळे त्याच्या कमाल किमतीवर सरकारी नियंत्रण आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमोथेरपी येते. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी जा, पैसे भरून झाल्यावर नको.

'कॅन्सर शंभर टक्के बरा' अशी जाहिरात दिसली तर?

1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. स्क्रीनशॉट, पावती, पुडीचा फोटो घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

मावळात आमची जमीन आहे. नरक्या लावला तर पैसे मिळतील, असं एक एजंट म्हणतो.

इरिनोटेकान आणि टोपोटेकान आजही झाडातून काढलेल्या कॅम्प्टोथेसिनपासून बनवतात, त्यामुळे मागणी आहे. याच मागणीपायी सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या जंगलांतून नरक्या मुळासकट उपटून पळवला जातो. वनखात्याने पकडलेल्या मालाच्या बातम्या अधूनमधून येत असतात. खोडातही द्रव्य, मुळातही द्रव्य, म्हणून तोडणारा काहीच शिल्लक ठेवत नाही. पेशीसंवर्धनातून किंवा झाडात राहणाऱ्या बुरशीपासून हे द्रव्य मिळवण्याचे प्रयोग झालेत, पण झाडाची गरज त्याने अजून संपलेली नाही.

लागवड म्हणूनच चांगली गोष्ट, पण सावध राहा. झाड मोठं व्हायला वर्षं लागतात, आणि खरेदीदार वजनावर नाही, द्रव्याच्या टक्केवारीवर भाव देतो. रोपं कोणत्या झाडाच्या बियांची आहेत आणि त्या झाडाची तपासणी झाली आहे का, हे एजंटला विचारा. झाडाची ओळख पटवायला कोरेगाव रोडवर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे. तोडणी आणि वाहतुकीच्या परवान्याची चौकशी रोपं लावण्याआधीच वनखात्याकडे करा. आणि खरेदीचा लेखी करार हातात पडेपर्यंत बांधावर चार-दोन रोपांपलीकडे जाऊ नका.